डेटनचा खटला : नस्तीतला आणि पडद्यावरचा

राज्य शासनाच्या सेवेत उभी हयात घालवल्यावर एक गोष्ट आमच्या अंगवळणी पडली होती. घडलेली घटना आणि लोकांच्या तोंडी उरलेली घटना या दोन निराळ्या वस्तू असतात. दोहोंत तंटा पडला की नस्ती उघडावी. कचेरीत हा नियम आम्ही कसोशीने पाळला. इतिहासाच्या बाबतीत मात्र एकदा विसरलो. त्या विसराची ही हकिगत आहे.

इंदूरला महाविद्यालयात असताना आम्ही ‘इन्हेरिट द विंड’ हा १९६० सालचा अमेरिकन चित्रपट पाहिला. स्टॅन्ली क्रेमर यांचे दिग्दर्शन, स्पेन्सर ट्रेसी आणि फ्रेड्रिक मार्च यांची अभिनयाची जुगलबंदी. उत्क्रांतिवाद शिकवला म्हणून तुरुंगात पडलेला तरुण शिक्षक, त्याच्यावर खवळलेले गाव, आणि अखेरीस भर न्यायालयात कोसळून प्राण सोडणारा बायबलचा कैवारी. पुढे बऱ्याच वर्षांनी एका व्याख्यानात विज्ञान आणि धर्म यांच्या वैराचा दाखला म्हणून आम्ही ही कथा घडलेला इतिहास म्हणून सांगितली. व्याख्यान संपल्यावर श्रोत्यांतील एका वृद्ध ख्रिस्ती शिक्षिकाबाईंनी शांतपणे विचारले, “साहेब, हे खटल्यात घडले की सिनेमात?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. खटल्याचा शब्दशः वृत्तांत १९२५ सालीच छापला गेला आहे. तो मिळवून वाचला आणि बाईंच्या प्रश्नाची धार ध्यानात आली.

मार्च १९२५ मध्ये अमेरिकेतील टेनेसी राज्याने बटलर कायदा केला. बायबलमधील निर्मितीची कथा नाकारून मनुष्य खालच्या प्राण्यांपासून उत्पन्न झाला असे सरकारी शाळांत शिकवणे त्याने गुन्हा ठरवले. या कायद्याला आव्हान देणाऱ्या शिक्षकाचा खटला लढवण्याची तयारी अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या संस्थेने जाहीर केली. ती वाचून डेटन या लहान गावातील काही मंडळी औषधांच्या दुकानात जमली. खटला आपल्याकडे झाला तर गावाचे नाव होईल, असा त्यांचा हिशेब होता. जॉन स्कोप्स या चोवीस वर्षांच्या शिक्षकाला बोलावून विचारले. तो राजी झाला. मुळात तो बदली म्हणून काही दिवस जीवशास्त्राच्या वर्गावर गेला होता, आणि उत्क्रांतीचा धडा आपण शिकवला की नाही, हेही त्याला खात्रीने सांगता येत नव्हते. तुरुंगात तो एक दिवसही गेला नाही.

१० जुलैला खटला सुरू झाला. सरकारपक्षाकडे विल्यम जेनिंग्ज ब्रायन, तीनदा अध्यक्षपदाची निवडणूक हरलेले नामांकित वक्ते. बचावाकडे क्लॅरेन्स डॅरो. शिकागोच्या नभोवाणी केंद्राने कामकाजाचे प्रक्षेपण केले. पण आम्हांस या नस्तीतील निराळीच पाने महत्त्वाची वाटतात. सरकारपक्षाने पुरावा म्हणून किंग जेम्स बायबल दाखल करताच बचावाने हरकत घेतली : बायबल म्हणजे कोणते? कायद्यात ते सांगितलेले नव्हते. मूळ हिब्रू आणि इंग्रजी भाषांतर यांत अंतर आहे, हे दाखवण्यासाठी बचावाने हर्मन रोझेनवॉसर या ज्यू धर्मगुरूंना आणले होते. शिकागो विद्यापीठातील धर्मशास्त्र विभागाचे प्रमुख शेलर मॅथ्यूज यांचे लेखी निवेदनही होते. ‘उत्पत्ति’ हा ग्रंथ आणि उत्क्रांतीचे शास्त्र परस्परांना पूरक आहेत. एक आदिकारण सांगतो, दुसरे ईश्वरी कार्याची रीत उलगडते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. बचावाचे प्राणिशास्त्रज्ञ मेनार्ड मेटकाफ हे स्वतः श्रद्धावान, चर्चमध्ये बायबलचे वर्ग घेणारे. त्यांची साक्ष झाली, पण ज्यूरीला बाहेर पाठवून. मग न्यायाधीश रॉलस्टन यांनी तज्ज्ञांची साक्ष गैरलागू ठरवली. बायबलच्या अभ्यासकांचे म्हणणे कागदोपत्री राहिले. ज्यूरीच्या कानी पडले नाही.

२० जुलैला न्यायालयाबाहेरील हिरवळीवर डॅरोंनी खुद्द ब्रायन यांनाच साक्षीला उभे केले. योना आणि मासा, यहोशवासाठी थांबलेला सूर्य, पृथ्वीचे वय, असे प्रश्न झाले. निर्मितीचे दिवस चोवीस तासांचेच असावेत असे नाही, असे ब्रायन यांनी तेथे मान्य केले. दुसऱ्या दिवशी ही साक्ष अभिलेखातून वगळण्यात आली. शंभर डॉलर दंड झाला. तो भरण्याची तयारी ब्रायन यांनीच आधी दर्शवली होती. पाच दिवसांनी, २६ जुलैला, ते डेटनमध्येच दुपारच्या झोपेत वारले. १९२७ मध्ये राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने शिक्षा रद्द केली, पण कारण तांत्रिक : पन्नास डॉलरवरील दंड न्यायाधीशाने नव्हे, ज्यूरीने ठरवायला हवा होता. कायदा कायम राहिला, तो १९६७ पर्यंत.

ब्रायन यांचा विज्ञानाविषयीचा ग्रह चुकीचा होता आणि तो कायदाही वाईट होता, यात आम्हांस संशय नाही. पण पडद्यावरचा विदूषक म्हणजे ब्रायन नव्हेत. ते हिंदुस्थानात येऊन गेले होते आणि १९०६ साली त्यांनी इंग्रजी राजवटीवर कठोर टीका करणारा लेख लिहिला. दुर्बळांना चिरडण्यास डार्विनचे नाव वापरले जाते, ही त्यांची धास्ती निराधार नव्हती. वादातील ‘अ सिव्हिक बायॉलॉजी’ या १९१४ च्या पाठ्यपुस्तकात उत्क्रांतीबरोबरच गोऱ्या वंशाची श्रेष्ठता आणि ‘सुप्रजनन’ही शिकवलेले होते. चित्रपटात याचा मागमूस नाही.

नाटककारांचा दोष म्हणावा, तर तसेही नाही. जेरोम लॉरेन्स व रॉबर्ट ली यांनी १९५५ साली रंगभूमीवर आणलेले हे नाटक मॅकार्थीच्या काळातील विचारस्वातंत्र्याच्या गळचेपीवर होते. पात्रांची नावे बदलून, हा इतिहास नव्हे, असे त्यांनी लिहूनही ठेवले. लोकांनी तेवढेच वाचले नाही. आम्हीही नाही. परिणामी जगाच्या स्मरणात दोनच पक्ष उरले : शास्त्रज्ञ आणि धर्मवेडे. मॅथ्यूज, मेटकाफ, रोझेनवॉसर ही श्रद्धा आणि शास्त्र दोन्ही सांभाळणारी माणसे आधी न्यायालयाने ज्यूरीसमोर येऊ दिली नाहीत, मग पडद्याने पुसून टाकली. आमच्यापुढे बसलेल्या त्या बाई याच परंपरेतल्या होत्या, आणि आम्ही तासभर त्यांना धर्मवेड्यांच्या रांगेत बसवले होते.

शिंदे-होळकरांच्या काळात इकडे आलेल्या आपल्या घराण्यांना हे नवे नाही. दप्तरे माळ्यावर राहतात आणि पूर्वजांचे पराक्रम आपण कादंबऱ्यांतून शिकतो.

पुढील वर्षी त्याच व्यासपीठावरून आम्ही आमची चूक कबूल केली आणि वरील मजकूर वाचून दाखवला. बाई दुसऱ्या रांगेत होत्या. मॅथ्यूज यांच्या निवेदनापाशी त्यांनी वही काढली आणि ते नाव पुन्हा एकदा सांगण्यास आम्हांस सांगितले.