ठशाआधीचा धनी

मेजर चार्ल्स स्ट्युअर्टने टिपू सुलतानाच्या ग्रंथसंग्रहाची वर्णनात्मक सूची केली. ती १८०९ मध्ये केंब्रिजला छापली गेली. ग्रंथांची नावे आणि विषय देणे हे सूचीकाराचे काम. स्ट्युअर्टने पुठ्ठ्यांकडेही पाहिले, हे आपले भाग्य. श्रीरंगपट्टणात नव्याने बांधलेल्या ग्रंथांच्या पुठ्ठ्यावर मधोमध एक पदक उठवलेले आहे, असे तो सांगतो. त्या पदकात अल्ला, महंमद पैगंबर, त्यांची कन्या फातिमा आणि नातू हसन व हुसेन यांची नावे आहेत. चार कोपऱ्यांत पहिल्या चार खलिफांची नावे, वरच्या बाजूस ‘सरकार-ए-खुदादाद’ आणि खाली ‘अल्लाह काफी’. मोजक्या ग्रंथांवर टिपूची खासगी मोहोरही आहे.

युरोपातील सरदारघराणी आपल्या ग्रंथांच्या चामडी बांधणीवर कुलचिन्ह सोनेरी ठशात उठवून घेत. दख्खनच्या इतिहासात त्या प्रथेच्या सर्वांत जवळ येणारी वस्तू मला हीच वाटते. येथे ढाल नाही, सिंह नाही. अक्षरांनीच चिन्हाचे काम केले आहे, आणि नाव घराण्याचे नसून राज्याचे आहे. आपल्या पोथीला असा ठसा घ्यायला जागाच नव्हती. सुटी पाने, वर-खाली फळ्या, भोवती रुमाल. धन्याचे नाव असलेच तर शेवटच्या पानावर. चामड्याच्या पुठ्ठ्यावर मात्र धनी पहिल्या नजरेतच दिसतो, आणि येथेच अभ्यासकाने सावध व्हावे.

ठशावरून निश्चित काय कळते? टिपू डिसेंबर १७८२ मध्ये गादीवर आला आणि ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टणाच्या पाडावात मारला गेला. ‘सरकार-ए-खुदादाद’ हे नाव त्याच्या राज्याचे. म्हणून ही बांधणी त्या साडेसोळा वर्षांतली. पण हा काळ पुठ्ठ्याचा झाला. आतली पाने शंभर-दोनशे वर्षांनी जुनी असू शकतात, आणि ती कोणाची होती याबद्दल पुठ्ठा एक अक्षर बोलत नाही.

त्यावर स्ट्युअर्टचे आणखी एक विधान आहे. यांतले फारच थोडे ग्रंथ टिपूने किंवा हैदरअलीने विकत घेतलेले होते. बाकीचे सावनूर, कडपा आणि कर्नाटक येथून आणलेल्या लुटीतले होते. पूर्वी विजापूर आणि गोवळकोंड्याच्या सुलतानांच्या मालकीचे असलेले ग्रंथही त्यात बरेच होते, असेही तो नोंदवतो.

हे विधान तोलूनच घ्यायला हवे. स्ट्युअर्ट ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी होता आणि ज्या संग्रहाची तो सूची करत होता तोही युद्धातल्या लुटीतूनच कंपनीच्या हाती आलेला. टिपूला लुटारू ठरवणे त्या पक्षाच्या सोयीचे होते. तरीही त्याने दिलेली तीन स्थळे घटनाक्रमात नेमकी बसतात. हैदरअलीने कडपा १७७९ मध्ये घेतले, कर्नाटकच्या नवाबाची राजधानी अर्काट १७८० मध्ये. सावनूर टिपूच्या हाती पडले ते १७८६ च्या मराठे-म्हैसूर युद्धात. तेथील नवाब अब्दुल हकीमखान त्या वेळी मराठा सेनापती हरिपंत फडक्यांच्या छावणीच्या आश्रयाला गेला. मोहिमा इतर साधनांनी पक्क्या होतात. ग्रंथ त्यांतच हलवले गेले, ही बाब मात्र स्ट्युअर्टच्या शब्दावर उभी आहे.

सावनूरची वाट अधिक खोलात नेते. सावनूरचे नवाब मियाणा पठाण. नेसरीला १६७४ मध्ये ज्याच्याशी लढताना प्रतापराव गुजर पडले, तो विजापूरचा सेनानी बहलोलखान याच घराण्यातला. १२ सप्टेंबर १६८६ रोजी विजापूर औरंगजेबाच्या हाती आले, तेव्हा अब्दुल रऊफखान मियाणा मोगलांच्या सेवेत गेला आणि त्याला बंकापूर-सावनूरकडची जहागीर मिळाली. आदिलशाही दरबारात वावरलेल्या घराण्याबरोबर काही आदिलशाही ग्रंथ सावनूरला गेले असतील, हा तर्क स्वाभाविक आहे. पण तो तर्कच. विजापूरच्या पाडावानंतर ग्रंथांना बाहेर पडायला इतरही दारे होती. शिवाय सगळे ग्रंथ बाहेर पडलेही नाहीत. विजापूरच्या आसार महालात उरलेला संग्रह १८५३ मध्ये लंडनला नेला गेला.

जुने पुठ्ठे काढून टिपूने नवे का चढवले? पहिल्या धन्याची खूण पुसायची होती, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. ग्रंथ विजापूरच्या किंवा गोवळकोंड्याच्या सुलतानांचे होते हे स्ट्युअर्टला कळले, ते आतल्या पानांवरच्या मोहोरा आणि नोंदी शाबूत होत्या म्हणूनच, असे मानणे सर्वांत सरळ. खूण पुसणाऱ्याने त्या आधी खरवडल्या असत्या. संग्रहातला मोठा भाग वाईट अवस्थेत होता, अशीही स्ट्युअर्टची नोंद आहे. तेव्हा बांधणीमागे डागडुजीची गरज असावी. जुन्या धन्याची मोहोर आत राहू दिली आणि नव्याने आपले नाव बाहेर उठवले. माझ्या दृष्टीने या ग्रंथांतली सर्वांत मोलाची जागा पुठ्ठा नाही, पहिले आणि शेवटचे पान आहे.

श्रीरंगपट्टणानंतरची वाट कागदांवर स्पष्ट आहे. संग्रहाचा मोठा भाग कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात गेला. या कॉलेजची नियमावली १० जुलै १८०० रोजी झाली, पण गव्हर्नर जनरल वेलस्लीने स्थापनेचा दिवस ४ मे असा मागचा धरला, म्हणजे श्रीरंगपट्टणाच्या विजयाचा पहिला वाढदिवस. स्ट्युअर्ट त्याच कॉलेजात फारसी शिकवत असे.  पुढे कॉलेजचे ग्रंथ पांगले आणि त्यांतले अनेक लंडनला पोचले.

आता आपल्या नांदेड-उदगीरच्या भागाकडे. मोगल अमलात नांदेड हे बीदर सुभ्यातले एक सरकार होते, आणि उदगीरहून बीदर तर हाकेच्या अंतरावर. बीदरमधला बहमनी वजीर महमूद गावानचा मदरसा १४७२ चा. त्याच्या ग्रंथालयात तीन हजार ग्रंथ होते, हा आकडा अभ्यासकांच्या लेखनात वारंवार येतो. १४८१ मध्ये गावानला ठार मारण्यात आले. १६१९ मध्ये दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने बीदर घेऊन बरीदशाही संपवली, १६५७ मध्ये औरंगजेबाने बीदर जिंकले, आणि १६९६ मध्ये मदरशात साठवलेल्या दारूच्या स्फोटाने इमारतीचा मोठा भाग उडाला. स्फोटात सगळे ग्रंथ गेले असे धरून चालणे सोपे आहे. पण त्याआधी सत्याहत्तर वर्षे बीदरची दौलत विजापूरकडे जाण्याची वाट उघडी झाली होती. बीदर ते विजापूर, तेथून सावनूर, श्रीरंगपट्टण, कलकत्ता आणि लंडन अशी साखळी संभवते. पहिली कडी तर्काची, दुसरी संभाव्य, तिसरी एका साक्षीदाराची, पुढच्या कागदोपत्री पक्क्या.

पहिली कडी पक्की करणारा पुरावा कसा असेल, हे सांगता येते. ‘सरकार-ए-खुदादाद’चा ठसा असलेल्या पुठ्ठ्याच्या आत, आदिलशाही मोहोरेच्या शेजारी, हिजरी १०२८ च्या सुमाराची नोंद आणि तीत बीदरचे नाव.