नाव नसलेली जहाजे

शाळेच्या प्रदर्शनात होड्यांच्या लाकडी प्रतिकृती मांडल्या, की त्यांच्यापुढे पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या ठेवून आपण मोकळे होतो. प्रदर्शन संपते, चिठ्ठ्या हरवतात, होड्या तेवढ्या कपाटात उरतात.

इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून युद्धनौकांच्या फार सुबक प्रतिकृती बनत. बहुतेकांचे प्रमाण एका फुटाला पाव इंच, म्हणजे १:४८. तळाकडच्या भागावर फळ्या न ठोकता आतल्या फासळ्या उघड्या ठेवलेल्या असत. तोफांच्या खिडक्या, मागच्या बाजूचे कोरीवकाम, सारे तपशीलवार. पण पुष्कळ प्रतिकृतींवर जहाजाचे नावच नाही! करणाऱ्याला ते ठाऊक असणार, मग लिहायचे कशाला? आज अभ्यासकांना उलटे गणित मांडावे लागते. प्रतिकृतीतला तोफांचा मजला ३६ इंच भरला, तर मूळ जहाजातला १४४ फूट. ही लांबी, खिडक्यांची संख्या आणि कुठे राजाची आद्याक्षरे कोरलेली असलीच तर तीही, जुन्या याद्यांशी ताडून पाहायची. एकाच मापाची दोन जहाजे निघाली, की घोडे अडले. काही प्रतिकृती अजून निनावीच आहेत.

नुसते नावही पुरत नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया कारागिरांनी सागवानात बांधलेले 'त्रिंकोमाली' १८१७ मध्ये पाण्यात उतरले. १८९७ मध्ये 'फुद्रॉयां' हे जहाज ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर फुटले. त्याच्या जागी प्रशिक्षणासाठी 'त्रिंकोमाली' घेतले गेले आणि त्याला 'फुद्रॉयां' हेच नाव मिळाले! मूळ नाव परत आले ते १९९२ मध्ये. तेव्हा पाटीवर नुसते 'फुद्रॉयां' असेल तर कोणते जहाज समजायचे? वर्ष हवेच.

आपल्या संग्रहासाठी पाटी करताना सागवानाची सहा मिलिमीटर जाडीची पट्टी घ्यावी. लाकडाचे तंतू लांबीच्या दिशेने असावेत. देवनागरीत येथे एक गंमत होते. शिरोरेखा तंतूंच्याच दिशेने जाते, त्यामुळे पटाशी लावताच चीर पुढे धावते आणि अक्षराबाहेर ढलपी उडते. म्हणून शिरोरेखेच्या दोन्ही टोकांना आधी आडवा छेद द्यावा; चीर तेथेच थांबते. काना मात्र तंतू तोडत जातो. तेथे बोथट पटाशीने कडा कुसकरतात, म्हणून धार आधी लावून घ्यावी.

पाटी प्रतिकृतीच्या बैठकीवरच दोन खिळ्यांनी ठोकावी. समोर नाव आणि वर्ष. प्रमाण, मूळ जहाज कुठले आणि प्रतिकृती कोणत्या वर्गाने केली, एवढे ठोकण्यापूर्वी मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहावे. शाई लाकडात फुटते.