मॅक्वारी बेटावरील एक दिवस

टास्मानियाच्या आग्नेयेस सुमारें १,५०० किलोमीटरांवर, वाऱ्यापावसावांचून दिवस क्वचितच उजाडतो अशा समुद्रांत, मॅक्वारी नांवाचें बेट आहे. लांबी अवघी ३४ किलोमीटर, रुंदी फार तर पांच. वृक्ष असा एकही नाहीं. सरकारी परवान्यानें जे थोडे प्रवासी उन्हाळ्यांत तेथें उतरतात, त्यांना सँडी बे येथें जो देखावा दिसतो तो पाहून पृथ्वीवर मनुष्यप्राणी अद्याप उत्पन्नच झाला नसावा असें वाटूं लागतें. पिंवळ्या तुऱ्याचे रॉयल पेंग्विन (यांची वीण जवळजवळ याच बेटावर व लगतच्या खडकांवर होते) रांगेनें चढण चढत असतात. अजस्र हत्ती-सील वाळूंत लोळत असतात. आणि किंग पेंग्विन तर परक्या माणसाजवळ आपण होऊन येतात व त्यास न्याहाळतात.

या निर्भयतेचेंच आम्हांस मोठें नवल वाटतें. कारण या बेटाच्या लिखित इतिहासाचीं पहिलीं शंभर वर्षें म्हणजे बहुतांशीं कत्तलीची जमाखर्चाची वहीच आहे. १८१० सालीं फ्रेडरिक हॅसलबरो हा सीलच्या शिकारीस निघालेला कप्तान येथें आला आणि न्यू साउथ वेल्सचे गव्हर्नर लॅकलन मॅक्वारी यांचें नांव बेटास मिळालें. (हे गृहस्थ आपणांस अगदींच परके नव्हेत. १७८८ त ते पलटणीबरोबर मुंबईस आले. १७९३ त त्यांचें पहिलें लग्न येथेंच झालें, व त्या पत्नीस मूठमातीही मुंबईंतच मिळाली.) पुढील दहा-बारा वर्षांत मऊ कातड्याच्या सीलांचा पुरता फडशा पडला. मग तेलासाठीं हत्ती-सीलांची पाळी आली; आणि शतकाच्या अखेरीस न्यूझीलंडचे व्यापारी जोसेफ हॅच यांनीं पेंग्विनांकडे दृष्टि वळविली. प्रचंड लोखंडी पात्रांत वाफेवर पक्षी शिजवावयाचे. एकापासून तेल निघे जेमतेम अर्धा लिटर. हॅच हे कोणी लुटारू नव्हते. इन्व्हरकारगिलचें नगराध्यक्षपद व पार्लमेंटची सभासदगिरी त्यांनीं भूषविली होती, आणि हा सारा उद्योग टास्मानिया सरकारच्या रीतसर परवान्यानें चाले! डग्लस मॉसनप्रभृति शास्त्रज्ञांनीं गवगवा केला, परवाना पुढें मिळाला नाहीं, व १९२० च्या सुमारास भट्ट्या विझल्या. १९३३ त बेट अभयारण्य ठरलें. लुसिटानिया बे येथें किंग पेंग्विन त्या वेळीं कांहीं हजारच उरले होते. आज ते लाखावर आहेत, आणि तीं गंजलेलीं पात्रें त्यांच्याच गर्दींत उभीं आहेत.

परंतु शिकाऱ्यांनीं मागें ठेवलेलें खरें दुखणें निराळेंच होतें. जहाजांबरोबर उंदीर व मांजरें आलीं. १८७० नंतर अन्नासाठीं ससे सोडण्यांत आले. येथील मूळचा पोपट त्याच शतकाच्या शेवटीं नामशेष झाला. मांजरांचा निःपात २००० सालीं झाला, तों सशांनीं डोंगरउतारांचें गवत फस्त करण्याचा सपाटा लावला. २००६ त लुसिटानिया बे येथें दरड कोसळून पेंग्विन गाडले गेले, तेव्हां कोठें सर्वांचे डोळे उघडले. हेलिकॉप्टरांतून विषारी आमिष टाकलें, मागाहून वास काढणारे कुत्रे नेऊन उरलासुरला एकेक ससा हुडकला. आणि २०१४ त बेट ससे-उंदरांपासून मुक्त झाल्याचें जाहीर झालें. परवाना बंद करण्यास एक सही पुरली होती. या कामास मात्र दशकें लागलीं.

म्हणूनच आतां किनाऱ्यावर पाऊल ठेवण्यापूर्वीं प्रत्येक प्रवाशाचे बूट धुतात, आणि खिशांच्या शिवणींतून गवताचें बीं वेंचून काढतात.