पणजीचं माहेर कोणतं?

घराण्याची वंशावळ सांगताना पुरुषांची नावं भराभर येतात. पणजीचं माहेर विचारलं, की सगळे गप्प. म्हणून आम्ही कागदांकडे वळलो.

सगळ्यात जास्त बोलतो तो फेरफार, म्हणजे गाव नमुना ६. जमीन आज कोणाची ते सातबारा सांगतो. कशी आली ते फेरफार. घरातला कर्ता माणूस गेला की वारसनोंद होते. लेकीचं नाव लागलं असेल, तर पुढे नवऱ्याचं नाव, सासरचं गाव. हिंजवडीच्या फेरफारात लेकीपुढे ‘राहणार माण’ दिसलं, की एक लग्न सापडलं! पण नावच लावलं नसेल तर? आणि लग्नात नाव बदललेलं असलं, तर माहेरची ठकू आणि सासरची लक्ष्मीबाई एकच, हे दाखवायला शाळेचा दाखला नाहीतर लग्नपत्रिका शोधा. फार जुने कागद मोडीत. मोडी वाचणारा गाठावा लागतो.

आयटी पार्क आलं, जमिनीला मोल चढलं, तशी ही शोधाशोध चैनीची राहिली नाही. राज्याच्या १९९४ च्या कायद्यानं लेकीला वडिलोपार्जित जमिनीत जन्मानं हक्क दिला, पण २२ जून १९९४ आधी लग्न झालेल्यांना वगळलं. म्हणजे लग्नाच्या तारखेवर जमीन! केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीत ती अट नाही. तेव्हा वडील हयात असायलाच हवेत असंही नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं. २० डिसेंबर २००४ आधीची नोंदणीकृत वाटणी मात्र मोडत नाही. तेव्हा पौडच्या तहसील कचेरीत नक्कल मागाल, तेव्हा वाटणीचा फेरफार आधी मागा.