लिंबू आणि तोल

गाडीवरून पडलो तेव्हा रक्ताचा थेंब आला नाही. ‘मुका मार आहे, उतरेल,’ म्हणाले सगळे. तीन महिने झाले तरी परतूरच्या मोंढ्यात मान वळवली की जमीन सरकायची.

शेवटी फिजिओथेरपिस्ट ताईंनी हातात लिंबू दिलं. डोळ्यांच्या वर धरून या हातातून त्या हातात टाकायचं, नजर लिंबावरच. पहिल्या दिवशी चौथ्या फेकीला मळमळलं, भिंत धरली.

हा व्यायाम युद्धातून आलेला आहे. 1940च्या दशकात इंग्लंडमध्ये डोक्याला मार लागून तोल गेलेल्या सैनिकांसाठी कॉथॉर्न आणि कुक्सी या डॉक्टरांनी तो बसवला. गरगर टाळत पडून राहिलं तर ती टिकते. बेताबेतानं सोसली तर मेंदू नव्यानं तोल शिकतो, हे त्यांनी ओळखलं. मुंबईत केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण 1950च्या दशकात सुरू झालं. पण ही विद्या आमच्या दारी फार उशिरा पोचली.

डोक्याला मार लागून महिना उलटला, तरी गरगरतंय? मग अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि या व्यायामातला डोळे मिटून चालायचा सराव घरचं माणूस शेजारी असल्याशिवाय करू नका.