तारणाची निश्चिती व सदाचरण : विदर्भातील ख्रिस्ती परंपरा

तारणाची निश्चिती ही प्रॉटेस्टंट ख्रिस्ती धर्मविचारातील एक मध्यवर्ती संकल्पना होय. ख्रिस्ताच्या बलिदानामुळे आपल्या पापांची क्षमा झाली असून देवाने आपला स्वीकार केला आहे, अशी श्रद्धावंताला याच जीवनात होणारी आंतरिक खात्री, असा तिचा अर्थ आहे. या खात्रीतून एक अवघड प्रश्न उद्‌भवतो. तारण हे सत्कर्मांचे फळ नसून देवाचे दान असेल, तर सदाचरणाचे प्रयोजन काय? उलट, सदाचरण ही तारणाची अट असेल, तर दुर्बल मनुष्याला खात्री कशी बाळगता येईल? विदर्भात नागपूर आणि यवतमाळ या दोन केंद्रांभोवती या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे देणाऱ्या दोन परंपरा रुजल्या. त्यामुळे मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात या प्रदेशाला स्वतंत्र महत्त्व आहे.

मराठी बायबलमध्ये या संकल्पनेसाठी सामान्यतः ‘तारण’ हा शब्द योजलेला आढळतो. ‘मोक्ष’ या शब्दात जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका अभिप्रेत असल्याने तो सोयीचा नव्हता. ‘तारणे’ हे क्रियापद मात्र भक्तिसंप्रदायाच्या वाङ्‌मयातून सर्वांच्या परिचयाचे होते. कर्जफेडीच्या हमीसाठी गहाण ठेवलेल्या वस्तूलाही मराठीत तारण म्हणतात. सावकारी कर्जाची सवय असलेल्या कापूसपट्ट्यातील श्रोत्याला या शब्दाचा हा दुसरा अर्थ अधिक जवळचा वाटला असल्यास नवल नाही. ‘नीतिमान ठरणे’ या शब्दप्रयोगाने मात्र काहीसा घोटाळा केला. पौलाच्या पत्रांत त्याचा रोख देवाने न्यायाधीशाप्रमाणे दिलेल्या निवाड्यावर आहे. व्यवहारातील मराठीत नीतिमान म्हणजे चांगल्या वर्तनाचा मनुष्य. परिणामी श्रद्धेने नीतिमान ठरण्याचा सिद्धांत ऐकणाऱ्याला तो नीतीच्या उपदेशासारखा वाटे.

बायबलच्या नव्या करारात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आहेत. पौलाने रोमकरांस व गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत श्रद्धेवर भर दिला आहे. याकोबाच्या पत्रात कृतीवाचून असलेली श्रद्धा निर्जीव म्हटली आहे. मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) याने पौलाचा आधार घेऊन धर्मसुधारणेचे आंदोलन उभारले. याउलट, विशेष साक्षात्कारावाचून कोणीही स्वतःच्या अंतिम तारणाविषयी निःशंक खात्री बाळगू नये, असा निर्णय रोमन कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५४७ मध्ये दिला. प्रॉटेस्टंटांतही पुढे दोन तट पडले. कॅल्व्हिनच्या अनुयायांच्या मते देवाने निवडलेला मनुष्य अखेरपर्यंत श्रद्धेत टिकतो, कारण त्याला धरून ठेवणारा देवच असतो. डच धर्मवेत्ता आर्मिनियस (१५६०–१६०९) याच्या विचारातून निघालेल्या परंपरेने श्रद्धावंताचेही पतन होऊ शकते, असे मानले.

यांपैकी पहिली परंपरा स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप (१८१७–६३) यांच्याबरोबर १८४५ मध्ये नागपुरास आली. हिस्लॉप यांचे नाव भूविज्ञानातही गाजले आणि नागपूरचे हिस्लॉप कॉलेज (स्थापना १८८३) त्यांचे स्मारक आहे. त्यांच्या चर्चचा आधारग्रंथ असलेल्या वेस्टमिन्स्टर येथील श्रद्धानिवेदनाने (१६४७) तारणाची निश्चिती शक्य मानली आहे. तथापि खऱ्या श्रद्धावंतालाही तिच्यासाठी दीर्घकाळ वाट पाहावी लागू शकते व पापाचरणाने ती डळमळू शकते, असेही त्यात नमूद आहे. निवडला गेलेला मनुष्य कसाही वागण्यास मोकळा असतो, असा आक्षेप कॅल्व्हिनमतावर घेण्यात येतो. पण मूळ ग्रंथ पाहता तो न्याय्य ठरत नाही.

दुसरी परंपरा जॉन वेस्ली (१७०३–९१) या इंग्रज धर्मोपदेशकाची. कडक व्रतस्थ जीवन जगूनही अशांत राहिलेल्या वेस्लीला लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरील एका सभेत २४ मे १७३८ रोजी ल्यूथरच्या लेखनाचे वाचन ऐकत असता आपल्या पापक्षमेची खात्री पटली. हाच अनुभव मेथडिस्ट चळवळीचा पाया ठरला. वेस्लीने मात्र खात्रीवर समाधान मानले नाही. अपकार टाळणे, परोपकार करणे व उपासनेची साधने न सोडणे, अशी त्रिविध नियमावली त्याने १७४३ मध्ये आपल्या अनुयायांना घालून दिली. त्यांचे लहान लहान वर्ग पाडून प्रत्येकाच्या आचरणाची दर आठवड्याला विचारपूस करण्याची पद्धत त्या चळवळीत होती. श्रद्धावंताने पूर्ण पावित्र्याची आस धरावी, हे त्याच्या शिकवणीचे वैशिष्ट्य होय.

अमेरिकेतील मेथडिस्टांना या शिकवणीचा विसर पडत आहे, अशा तक्रारीतून बी. टी. रॉबर्ट्‌स (१८२३–९३) व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८६० मध्ये फ्री मेथडिस्ट चर्च स्थापन केले. गुलामगिरीस विरोध आणि चर्चमधील बाके भाडे न घेता गोरगरिबांस खुली ठेवणे, हे त्यांचे आग्रह होते. दारू व तंबाखू त्यांना निषिद्ध होती. पावित्र्याच्या उपदेशाला सामाजिक बाजू असावी, हा विचार या छोट्या पंथाच्या जन्मातच होता. त्याचे आद्य परदेशी मिशनरी म्हणून ओळखले जाणारे अर्नेस्ट व फीबी वॉर्ड हे दांपत्य १८८१ मध्ये बऱ्हाणपूर येथे आले आणि शतकाच्या अखेरच्या दशकात यवतमाळ हे मिशनचे प्रमुख ठाणे बनले. १८९६–९७ व १८९९–१९०० च्या दुष्काळांत तेथे अनाथ मुलांचा सांभाळ करण्यात आला. पुढे दारव्हा, वणी व उमरी या भागांत मिशनचे कार्य पसरले.

यवतमाळच्या दक्षिणेस अरुणावती नदीकाठी वसलेल्या आर्णीसारख्या गावांतील धर्मजीवन पाहिले म्हणजे या उपदेशाचे वेगळेपण ध्यानात येते. आर्णी येथे बाबा कंबलपोश यांचा दर्गा असून तेथील उरुसास निरनिराळ्या धर्मांचे लोक जमतात. वारी, नवस, उरूस आणि दानधर्म यांतून पुण्य जोडावे, फळ मात्र देवाच्या हाती, अशी या परिसराची सर्वसाधारण धारणा. तेथे एखाद्याने आपले तारण झाले आहे असे ठामपणे म्हणणे ऐकणाऱ्यास उद्धटपणाचे वाटण्याचा संभव होता. दुसरीकडे, धर्मांतरिताला घर, जात व आप्त यांना मुकावे लागे. वडिलोपार्जित हक्काला १८५० च्या कायद्याने संरक्षण दिले असले, तरी तुटलेले संबंध कायद्याने जोडले जात नसत. अशा मनुष्याला ही खात्री केवळ धर्मशास्त्रातील मुद्दा नव्हती. तिच्यावाचून त्याच्याजवळ फारसे काही उरत नसे. दुष्काळात अन्नासाठी धर्म बदलला, हा आरोपही वरचेवर होई. त्याला उत्तर देण्याचे साधन एकच होते, ते म्हणजे रोजचे वर्तन.

मराठी ख्रिस्ती विचारवंतांत या प्रश्नाचा अनुभव एकसारखा नाही. नीलकंठ नेहेम्या गोऱ्हे (१८२५–९५) हे शास्त्रपारंगत पंडित १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांचे आचरण विरक्त संन्याशाचे होते, परंतु शंकांनी त्यांची पाठ आयुष्यभर सोडली नाही. त्यांच्याच युक्तिवादांचा प्रभाव पडून पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. तथापि आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला पण ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मनिवेदनात म्हटले आहे. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाच्या आत्मचरित्राने त्यांना अंतर्मुख केले व १८९१ च्या सुमारास त्यांना मनःशांती लाभली. म्हणजे बाप्तिस्मा व खात्री यांत आठ वर्षांचे अंतर पडले. त्यानंतरचे त्यांचे कार्य सर्वश्रुत आहे. १८९७ मध्ये त्यांनी मध्य प्रांतातील दुष्काळग्रस्त भागातून मुली व विधवा सोडवून आणल्या आणि केडगाव येथे मुक्तिसदन उभारले. १९०५ मध्ये तेथे झालेल्या धर्मजागृतीत मुलींनी रडून पापे कबूल केल्याची वर्णने आढळतात. मिनी एब्रम्स या मेथडिस्ट पार्श्वभूमीच्या अमेरिकन सहकारी तेथे होत्या, त्यामुळे वेस्लीच्या परंपरेशी त्या घटनेचा धागा जुळतो. या जागृतीचे मोल भावनावेगापेक्षा पुढील नित्यक्रमावरून ठरवणे अधिक योग्य: छापखाना, शेती व विणकाम यांत मुली राबत होत्या आणि रमाबाई बायबलच्या सुबोध मराठी भाषांतरात गढल्या होत्या. ते भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांची वाट उलट दिशेची होती. नागपूर येथे काही काळ राहिलेल्या टिळकांना १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने नव्या कराराची प्रत दिली. येशूचे गिरिप्रवचन वाचून ते भारावले. त्यांना प्रथम आकर्षण वाटले ते त्या उच्च आचारधर्माचे. ख्रिस्ताविषयीची व्यक्तिगत खात्री त्यामागून आली. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९१७ मध्ये मिशनच्या वेतनाचा त्याग करून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा बंधुसमाज काढला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात स्थान होते. मिशनच्या सभासदनोंदणीपेक्षा भक्ती व वर्तन यांना प्राधान्य देणारी ही भूमिका अनेक मिशनऱ्यांना मानवली नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात १९५३ मध्ये यवतमाळ येथे युनियन बिब्लिकल सेमिनरी ही विविध पंथांची संयुक्त धर्मशिक्षणसंस्था सुरू झाली. फ्री मेथडिस्टांच्या पूर्वीच्या बायबल शाळेतून ती विकसित झाली असली, तरी तीत कॅल्व्हिनमताचे विद्यार्थीही शिकत. १९८३ मध्ये ती पुण्यास हलविण्यात आली. दरम्यान २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारत चर्चची स्थापना होऊन प्रेसबिटेरियन, अँग्लिकन, बॅप्टिस्ट व मेथडिस्टांचा एक गट हे एकाच संघटनेत आले. फ्री मेथडिस्ट मात्र स्वतंत्र राहिले. युरोपात ल्यूथरपंथीय व रोमन कॅथलिक यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ख येथे नीतिमत्त्वाच्या सिद्धांतावर संयुक्त निवेदन स्वीकारले. तारण केवळ कृपेने होते व सत्कर्मे ही त्याची फळे होत, असा त्याचा आशय असून जागतिक मेथडिस्ट परिषदेने २००६ मध्ये त्यास संमती दिली.