केसांच्या गोळीमागचं गाव

मागच्या बैठकीत एकीने हळूच विचारलं, "आमचे हे केस गळू नयेत म्हणून फिनास्टराइडची गोळी घेतात. गोळीचे तुकडे मीच करून देते. मला दिवस गेलेत, हात लागला तर चालेल का?" उत्तरासाठी आपण जरा जुन्या गोष्टीकडे जाऊ.

वृषण काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, असं ग्रीसच्या ॲरिस्टॉटलने सुमारे २३०० वर्षांपूर्वी लिहून ठेवलं. १९४२ साली अमेरिकेत जेम्स हॅमिल्टन यांनी दाखवलं, की टक्कल पडायला दोन गोष्टी लागतात: टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन आणि घराण्याचा वारसा.

पुढचा धागा सापडला तो कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिकन प्रजासत्ताकात, सालिनास नावाच्या खेड्यात. तिथे काही मुलं जन्मतः मुलगी समजून वाढवली जात आणि वयात येताना त्यांचा आवाज फुटे, अंग मुलग्याचं होई. गावाने हे केव्हाच ओळखलं होतं, त्यासाठी त्यांचा स्वतःचा शब्दही होता. ज्युलिअ‍ॅन इम्पेराटो-मॅकगिनली या डॉक्टरबाईंनी या कुटुंबांचा अभ्यास केला आणि १९७४ साली कारण जगापुढे मांडलं.

आपल्या शरीरातलं एक एन्झाइम टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं जास्त जोरकस हार्मोन तयार करतं. पोटातल्या मुलग्याचे बाहेरचे अवयव त्यानेच घडतात. मोठेपणी, वारसा असेल तर, तेच डीएचटी डोक्यावरच्या केसांची मुळं बारीक करत नेतं. सालिनासच्या त्या मुलांमध्ये हे एन्झाइम कमी पडत होतं. म्हणून जन्मवेळी ओळख चुकली, आणि मोठेपणी त्यांचे कपाळावरचे केस मागे हटले नाहीत, प्रोस्टेट ग्रंथीही लहानच राहिली.

फिनास्टराइड हेच एन्झाइम अडवतं. अमेरिकेत १९९२ साली ते प्रोस्टेटसाठी आणि १९९७ साली टकलासाठी मंजूर झालं.

आता मैत्रिणीचं उत्तर. अख्ख्या गोळीवर लेप असतो, तिला नुसता हात लागला तर घाबरायचं कारण नाही. पण फुटलेल्या किंवा कुटलेल्या गोळीला गरोदर बाईने हात लावू नये. औषध अंगात गेलं आणि पोटात मुलगा असला, तर त्याच्या अवयवांच्या घडणीत बाधा येऊ शकते. तुकडे त्यांचे त्यांनाच करू द्या. आजवर हात लागला असेल, तर मनात कुढत बसू नका, डॉक्टरांना सांगा. आणि आपले केस गळतात म्हणून नवऱ्याच्या डबीतली गोळी आपण घेऊ नये.

सालिनासच्या लोकांनी जे दिसलं ते लपवलं नाही, म्हणून जगाला कळलं. आपल्या मैत्रिणीनेही विचारलं, म्हणून आज आपल्या सगळ्यांना कळलं.